यो-योची जुळवणी

यो-योची जुळवणी म्हणजे सुटे होणारे व बदलता येणारे भाग असलेल्या यो-योची मांडणी, साफसफाई व समायोजन करून त्याचे फिरणे कंपरहित, दीर्घकाळ टिकणारे आणि खेळाडूला हव्या त्या प्रतिसादाचे करणे होय. इंग्रजीतील रूढ शब्दामुळे या क्रियेला मराठी खेळाडूही ‘ट्यूनिंग’ म्हणतात. बाजारातून नवा आणलेला यो-यो सहसा जुळवलेलाच असतो. मात्र पडझड, धूळ, झिजलेली दोरी किंवा उघडझाप यांमुळे त्याची जुळणी बिघडते आणि ती पुन्हा साधावी लागते.

पार्श्वभूमी

यो-यो हे प्राचीन खेळणे आहे. इ.स. १७७० च्या सुमाराच्या एका राजस्थानी लघुचित्रात यो-यो खेळणारी स्त्री दिसते. आधुनिक यो-योचा इतिहास मात्र अमेरिकेत घडला. मूळचे फिलिपाइन्सचे पेड्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे यो-योचा कारखाना काढला. त्यांच्या यो-योची दोरी आसाला गाठ मारून बांधलेली नसे. आसाभोवती ती सैल फासासारखी असे. त्यामुळे यो-यो दोरीच्या टोकाशी फिरत राहू शकतो, आणि बहुतेक करामती याच फिरण्यावर उभ्या आहेत.

लाकडी आस झिजला की पूर्वी संपूर्ण यो-यो टाकून द्यावा लागे. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांनी १९७८ मध्ये ‘नो जाइव्ह थ्री-इन-वन’ हा उघडता येणारा यो-यो आणला. त्याचा आस बदलता येई, तसेच चकत्या उलटसुलट बसवून तीन निरनिराळे आकार करता येत. १९९० मध्ये त्यांचाच बॉल बेअरिंग असलेला ‘एसबी-२’ आला. बेअरिंगमुळे फिरण्याचा काळ वाढला, पण लाकडी यो-योत कोणी मनावर न घेतलेली बारीक थरथर आता जाणवू लागली. जुळवणीची गरज खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

बदलता येणारे भाग

यो-योच्या दोन चकत्या मधल्या आसावर आट्यांनी बसतात. धातूच्या यो-योत आस म्हणजे बहुधा डोके नसलेला, सलग आट्यांचा चार मिलिमीटर जाडीचा स्क्रू असतो. त्याच्या आट्यांचे अंतर ०.७ मिमी असते. आसाभोवती बेअरिंग बसते. सर्वाधिक प्रचलित ‘सी’ आकाराच्या बेअरिंगचा आतील व्यास पाव इंच, बाहेरील व्यास अर्धा इंच आणि रुंदी ३/१६ इंच असते. अभियांत्रिकीत याच मापाचे बेअरिंग आर-१८८ या नावाने ओळखले जाते. बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना चकत्यांमधील खोबणीत सिलिकॉनच्या कड्या असतात. दोरी त्यांना घासली की यो-यो हातात परततो. काही यो-योंत याखेरीज बेअरिंगच्या बाजूचे स्पेसर, बाहेरील झाकणे किंवा कडेच्या वजनाच्या कड्याही बदलता येतात.

कंप कोठून येतो

चकतीचा गुरुत्वमध्य आसाच्या बरोबर मध्यावर नसेल, तर फिरताना ती बाहेर ओढ घेते. हे बल फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणादाखल, ३३ ग्रॅमच्या एका चकतीचा गुरुत्वमध्य केवळ ०.०२ मिमी सरकलेला आहे आणि यो-यो मिनिटाला ४००० फेरे घेत आहे असे मानू. अशा वेळी बाहेर ओढणारे बल सुमारे ०.१२ न्यूटन, म्हणजे साधारण १२ ग्रॅम वजनाइतके भरते. दोन्ही चकत्यांचे दोष एकाच दिशेला आले तर ते दुप्पट होते. ६६ ग्रॅमच्या यो-योच्या मानाने हे थोडे नव्हे. केसाच्या जाडीहूनही लहान दोष बोटाला का जाणवतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

दोष परस्परविरुद्ध दिशांना आणले तर ही बले एकमेकांना रद्द करतात. तरीही कंप पूर्णपणे जात नाही, कारण दोन चकत्या एकाच प्रतलात नसतात. त्यांच्यातील अंतरामुळे यो-योला डोलवणारे बलयुग्म शिल्लक राहते. म्हणूनच जुळवणीने कंप कमी होतो, पण सदोष चकती निर्दोष होत नाही.

प्रत्यक्षात चकतीपेक्षा आस हाच अधिक वेळा गुन्हेगार असतो. यो-यो फरशीवर आपटला की कडेला पडलेला पोचा डोळ्यांत भरतो, पण त्यातून गेलेले वस्तुमान नगण्य असते. त्याच आघाताने किंचित वाकलेला आस मात्र दिसत नाही आणि दोन्ही चकत्या तिरप्या करतो. बेअरिंगची बैठक सैल असणे, तिच्यात दोऱ्याचा धागा किंवा कचरा अडकणे आणि सिलिकॉनची कडी एका बाजूला फुगणे ही इतर कारणे होत.

आणखी एक गफलत नवशिक्यांकडून नेहमी होते. वाकड्या फेकीमुळे यो-यो कलतो आणि त्याचे प्रतल हळूहळू वळू लागते. हा कंप नव्हे. ते भ्रमणाक्षाचे सरकणे आहे आणि त्यावर उपाय सरळ फेक हाच. यो-यो उघडून त्यात काही साधत नाही.

परीक्षा

कंप ओळखण्याची रूढ रीत नखाची आहे. यो-यो जोराने, सरळ फेकून तो फिरत असताना कडेला नखाचे टोक अलगद टेकवतात. सफाईदार यो-यो नखाला गुळगुळीत लागतो, तर सदोष यो-यो खडखडतो. दोरीवाटे बोटाला जाणवणारा कंप याहून तीव्र समजला जातो. नखालाच कळणारा आणि दोरीला न कळणारा कंप खेळाला फारसा बाधक नसतो. त्याच्यामागे लागून आटे झिजवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

जुळवणीची पद्धत

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या कामाचा पहिला नियम. दोन भाग एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. सुरुवात दोरीपासून करणे श्रेयस्कर, कारण ती सर्वांत स्वस्त असते आणि पीळ बिघडलेली, मळलेली दोरी अनेक दोषांचे सोंग घेते.

त्यानंतर बेअरिंग काढून आस व बैठक कोरड्या कापडाने पुसतात आणि बेअरिंग उलट बाजूने बसवून पाहतात. चकत्या घट्ट करताना हाताची नेहमीची ताकद पुरते. अति आवळल्यास ॲल्युमिनियमचे आटे जातात. तसे झाल्यास चकती बहुधा निकामीच होते. सैल राहिलेला यो-यो तर खेळताना उघडून चकती भिरकावू शकतो, म्हणून जुळवणीनंतरची पहिली फेक मोकळ्या जागी करावी.

पुढची पायरी आसाची. तो एका चकतीत थोडा अधिक खोल फिरवावा, टोके बदलून पाहावीत, तरीही फरक न पडल्यास नवा आस घालावा. आस फिरवल्याने चकत्यांचा एकमेकींशी असलेला कोन बदलतो, असा समज पसरलेला आहे. तो सलग आट्यांच्या आसाबाबत खरा नाही. घट्ट केल्यावर चकत्यांमधील अंतर बेअरिंग ठरवते, आणि ते अंतर ठरले की आट्यांमुळे कोनही ठरतो. आस फिरवून बदलते ती त्याच्या वाकाची दिशा, आणि गुण येतो तो त्यामुळे. चकत्यांचा कोनच बदलायचा असेल तर अंतर बदलावे लागते: ०.७ मिमीला एक पूर्ण फेरा, म्हणजे ०.०५ मिमी जाडीच्या वॉशरने सुमारे २६ अंश. ज्या प्लॅस्टिकच्या यो-योंत आसाचा षट्कोनी नट चकतीतील खाचेत बसतो, तेथे काम सोपे आहे. नट बाहेर काढून ६० अंशांच्या टप्प्याने सहा स्थिती तपासता येतात. सर्वांत शांत स्थिती सापडली की दोन्ही चकत्यांवर पेनाने समोरासमोर खूण करतात.

एकाच प्रकारचे दोन यो-यो हाताशी असतील तर त्यांच्या चार चकत्यांच्या तीन प्रकारे जोड्या लावता येतात. रंगीबेरंगी यो-योसाठी ही अदलाबदल लोकप्रिय आहे, पण तिने कंप वाढण्याचाही संभव असतो.

बेअरिंग आणि प्रतिसाद

बेअरिंगची साफसफाई करताना बाजूचे पातळ झाकण धरून ठेवणारी तारेची कडी टाचणीने काढतात आणि बेअरिंग ॲसिटोन किंवा मिनरल स्पिरिटमध्ये भिजवून हलवतात. ॲसिटोन ज्वालाग्राही असून प्लॅस्टिक विरघळवते. त्यामुळे हे काम हवेशीर जागी, ज्योतीपासून दूर, काचेच्या भांड्यात आणि फक्त बेअरिंग सुटे करून करावे. लहान मुलांनी मोठ्यांच्या मदतीनेच करावे. पूर्ण वाळल्यावर पातळ तेलाचा एकच थेंब देतात. कोरडे बेअरिंग वेगवान वाटले तरी आवाज करते आणि लवकर झिजते.

प्रतिसाद म्हणजे यो-यो किती सहज हातात परततो, हा गुण. जाड वंगण, अरुंद फट, जाड दोरी आणि वर आलेल्या सिलिकॉन कड्या यांनी तो वाढतो. उलट गोष्टींनी घटतो. दोरीच्या लांब करामतींसाठी प्रतिसादहीन यो-यो वापरतात. तो नुसत्या झटक्याने परतत नाही. दोरीची घडी फटीत सारून त्याला परत बोलवावे लागते. दोन्ही हातांनी सतत फेऱ्या मारण्याच्या प्रकारात, ज्याला स्पर्धांमध्ये ‘२ ए’ म्हणतात, याच्या नेमके उलट हवे असते. तेथे नखाला लागणाऱ्या कंपाची कोणी पर्वा करत नाही. डाव्या आणि उजव्या हातातील यो-यो सारखाच प्रतिसाद देतात की नाही, यासाठी खेळाडू वंगणाचे प्रमाण आणि दोरीची जाडी पुन्हा पुन्हा जुळवत बसतात. दोरी झिजत जाते तसा प्रतिसादही पालटतो, म्हणून दोन्ही हातांच्या दोऱ्या एकाच वेळी बदलतात.