कातीव ॲक्रिलिक : उतारवयातील एक छंद आणि त्याची दक्षता

आपल्यापैकी ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्या डोळ्यात बहुधा ॲक्रिलिकच्या कुळातले भिंग असते. ज्यांना कवळी आहे, त्यांच्या हिरड्यांवर बसणारा तिचा गुलाबी भाग सहसा ॲक्रिलिकचाच असतो. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलताना कृत्रिम सांधा हाडात पक्का बसविण्यासाठी जे ‘बोन सिमेंट’ वापरतात, तेही याच घराण्यातले. म्हणजे या पदार्थाशी ज्येष्ठांचे नाते जुने आणि अगदी अंगचे आहे. त्याचे रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रायलेट. बाजारात त्याच्या रंगीत कांड्या मिळतात. अशी कांडी छोट्या लेथवर फिरवून तिच्यातून पेन, खणाची मूठ, किल्लीचा लोलक अशा वस्तू घडविण्याचा छंद निवृत्तीनंतर काहीजण जोपासताना दिसतात.

लेथवर काम करणाऱ्याला आपल्याकडे ‘कातारी’ म्हणत आणि त्याने घडविलेल्या गोल, रेखीव वस्तूला ‘कातीव’. उद्योगनगरीत टर्नर म्हणून आयुष्य घालविलेल्या माणसाला निवृत्तीनंतर या यंत्राची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे. मात्र घरच्या मंडळींच्या मनात त्याच वेळी धास्ती उभी राहते. ‘वडिलांचे वय ७२, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हात किंचित थरथरतो, त्यांना यंत्राजवळ जाऊ द्यावे का?’ हा प्रश्न दवाखान्यात मला विचारला जातो. त्याचे उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. ते त्या व्यक्तीची प्रकृती, ते यंत्र आणि कामाची शिस्त या तिन्हींवर अवलंबून असते. म्हणून या लेखात कामाची रीत आणि प्रकृतीची काळजी यांचा एकत्र विचार करू.

काम कसे चालते?

पेनाचे उदाहरण घेऊ. ॲक्रिलिकचा तुकडा हवा तेवढ्या लांबीचा कापून त्याला मधोमध आरपार भोक पाडतात. सडपातळ पेनासाठी हे भोक साधारण ७ मिलिमीटरचे असते. त्यात पितळी नळी एपॉक्सीने चिकटवितात. तुकडा पारदर्शक असेल, तर आतली नळी दिसू नये म्हणून भोक आधी आतून रंगवून घेतात. गोंद पूर्ण वाळल्यावर दोन्ही टोके काटकोनात सपाट करून तुकडा मँड्रेलवर, म्हणजे मधल्या सळईवर, चढवितात. मग लेथ सुरू करून धारदार पटाशीने त्याला गोलाई आणि आकार देतात.

ॲक्रिलिकचा स्वभाव लाकडाहून निराळा आहे. ते कडक असले तरी ठिसूळ असते; पटाशी बोथट असेल किंवा एकाच वेळी जास्त खोल घातली, तर टवका उडतो. हलक्या हाताने, पातळ थर काढीत गेले की मऊ फितीसारखा लांब कीस निघतो. तो फिरत्या तुकड्याभोवती गुंडाळला जातो. तो दूर करण्यासाठी यंत्र पूर्ण थांबविलेच पाहिजे. चालू यंत्रावरची फीत बोटाने ओढायला जाणे म्हणजे बोट यंत्राच्या स्वाधीन करणे होय.

दुसरा स्वभाव उष्णतेचा. लाखकाम करणारा कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतो आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळवून लाकडावर चढवितो. तेथे उष्णता कारागिराची मैत्रीण असते. ॲक्रिलिकच्या कामात तीच वैरीण ठरते. साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास ॲक्रिलिक मऊ पडू लागते. भोक पाडताना ड्रिल घाईने दाबले, तर आतील कीस वितळून ड्रिललाच चिकटतो आणि तुकडा तडकतो. म्हणून गती ४०० ते ६०० फेरे प्रतिमिनिट एवढीच ठेवावी आणि थोडे भोक पाडून ड्रिल बाहेर काढीत, कीस झटकीत पुढे जावे. कातताना गती याहून जास्त लागते. पण नवशिक्याने आणि ज्येष्ठाने १५०० ते २००० फेऱ्यांच्या वर जाण्याची घाई करू नये.

चकाकी येते ती संयमाने

आकार झाला की पृष्ठभाग धूसर, पांढुरका दिसतो. चकाकी आणण्यासाठी वॉटर पेपर पाण्यात भिजवून वापरतात. आधी ४०० क्रमांकाचा, मग ६००, ८००, १०००, १५००, २००० असे क्रमाने बारीक होत जायचे. पाण्यामुळे दोन गोष्टी साधतात : तुकडा तापत नाही आणि बारीक भुकटी हवेत न उडता पाण्यातच राहते. फुप्फुसांच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट मोलाची आहे.

प्रत्येक क्रमांक संपला की यंत्र थांबवून तोच कागद तुकड्याच्या लांबीच्या दिशेने हाताने फिरवावा. त्यामुळे गोल चरे पुसले जातात. मग तुकडा स्वच्छ पुसून उजेडात निरखावा आणि चरे दिसेनासे झाल्यावरच पुढचा क्रमांक घ्यावा. एखादी पायरी गाळली, तर तिचे चरे शेवटच्या चकाकीत उठून दिसतात. सर्वांत शेवटी प्लास्टिकसाठी मिळणारे पॉलिश लावून तुकडा उजळावा. त्यासाठी कापडाची पट्टी वापरू नये. ती फिरत्या तुकड्यात अडकली, तर बोटांसह आत ओढली जाते. लगेच फाटणारा टिश्यू कागद वापरावा आणि तोही बोटाभोवती गुंडाळू नये. स्पिरिट, ॲसिटोन किंवा थिनरने ॲक्रिलिक कधीही पुसू नये; त्याने बारीक तडा जाण्याची भीती असते. साध्या साबणाचे पाणी पुरते.

पाणी आणि वीज यांची गाठ पडू नये, यासाठी पाण्याची वाटी मोटार व बटणांपासून दूर ठेवावी, यंत्राखाली जुना टॉवेल अंथरावा आणि जोडणीला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

डोळे : सर्वांत मोठी जोखीम

ॲक्रिलिक डोळ्यातील भिंगासाठी योग्य आहे, हे वैद्यकाला कळले त्यामागे दुसऱ्या महायुद्धातील एक निरीक्षण आहे. विमानाच्या चालककक्षाचे ॲक्रिलिकचे छत फुटून त्याचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. हे कण डोळ्यात राहूनही फारशी प्रतिक्रिया उमटवीत नाहीत, हे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी या पदार्थाचे भिंग प्रथम रुग्णाच्या डोळ्यात बसविले.

कातकाम करणाऱ्याने या इतिहासाची दुसरी बाजू ध्यानात ठेवावी. जो गुण भिंगाला उपकारक ठरला, तोच उडालेल्या कणाच्या बाबतीत फसवा ठरू शकतो. वेगाने आलेला कण डोळ्यात खोल शिरला, तरी प्रारंभी वेदना आणि लाली बेताचीच असू शकते. शिवाय ॲक्रिलिकचा कण साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही. म्हणून डोळ्यात काही उडाल्याची शंका आली, तर डोळा चोळू नये, दाबू नये आणि कण काढण्याचा खटाटोप करू नये. वरवरची भुकटी गेली असेल, तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. टवका जोरात लागला असेल, अंधुक दिसत असेल किंवा टोचणी थांबत नसेल, तर डोळ्यावर दाब न येईल असे आच्छादन धरून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि ‘लेथवर काम करताना प्लास्टिकचा तुकडा उडाला’ असे स्पष्ट सांगावे. ही माहिती तपासणीची दिशा ठरविते.

वाचनाचा चष्मा म्हणजे संरक्षक चष्मा नव्हे. त्यावरून हनुवटीपर्यंत येणारी पारदर्शक ढाल घालावी. मोतीबिंदूची किंवा अन्य नेत्रशस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर शल्यविशारदांनी मोकळीक देईपर्यंत यंत्र बंदच ठेवावे. प्रकाशाचीही एक गोम आहे. काही ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे डोळ्याला न कळेल अशा वेगाने लुकलुकत असतात. त्या प्रकाशात फिरता तुकडा ठरावीक गतीला थांबल्यासारखा भासू शकतो. म्हणून न लुकलुकणारा चांगला दिवा थेट कामावर येईल असा लावावा आणि यंत्र थांबले की नाही, हे केवळ डोळ्यांनी न ठरविता बटण बंद करून थोडा वेळ थांबावे.

कोणी थांबावे, कोणी विचारून करावे?

फेफरे येणाऱ्यांनी, वारंवार घेरी किंवा शुद्ध हरपण्याचा त्रास असणाऱ्यांनी, तसेच ज्यांना कामाचा क्रम आठवेनासा झाला आहे त्यांनी लेथ चालवू नये. येथे मी तडजोड सुचविणार नाही. झोपेची गोळी, सर्दीवरची सुस्ती आणणारी गोळी किंवा मद्य घेतल्यावरही यंत्राजवळ जाऊ नये.

मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणारी गोळी घेणाऱ्यांनी, उपाशीपोटी कामाला उभे राहू नये. हात थरथरू लागला, घाम फुटला, तर आधी यंत्र बंद करावे आणि मग साखर घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना छोटी जखमही जास्त वाहते. स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे घट्ट दाब द्यावा, मध्ये उचलून पाहू नये. तरीही रक्त थांबत नसेल, तर दवाखाना गाठावा. भीतीपोटी ती औषधे मनाने बंद करू नयेत; त्यातून उद्भवणारा धोका जखमेहून कितीतरी मोठा असतो. धनुर्वाताची लस १० वर्षांच्या आत घेतलेली आहे ना, हे सर्वांनीच पाहावे.

पेसमेकर असलेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे आणि मोटारीवर छाती टेकेल असे वाकू नये. दमेकऱ्यांनी कोरडे घासकाम टाळावे, मुखपट्टी लावावी आणि खिडकी उघडी ठेवावी. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबते, म्हणून सावकाश वाळणारे एपॉक्सी बरे. मात्र तेही त्वचेला लागू देऊ नये. कातताना उग्र वास आला, तर तुकडा तापतो आहे असे समजून हात आवरावा.

कंपवाताची सौम्य थरथर असणाऱ्यांना कातकाम सोडून पुष्कळ काही करता येते : रंग निवडणे, यंत्र बंद असताना घासणे, जोडणी करणे. पटाशी दुसऱ्याने धरावी.

उभे राहणे, पेहराव आणि सोबत

यंत्राचा मध्य साधारण आपल्या कोपराच्या उंचीला असावा. तो खाली असेल, तर मान आणि कंबर वाकते. पायाखाली मऊ पण न सरकणारी चटई ठेवावी. पायांना बधिरता असेल, तर पायांत बंद पादत्राणे हवीतच. २० ते ३० मिनिटांनी यंत्र बंद करून बसावे, पाणी प्यावे, खांदे मोकळे करावेत.

लोंबणारे काहीही अंगावर नको. पदर, ओढणी, उपरणे, सैल बाही, गळ्यातील साखळी किंवा मंगळसूत्र, अंगठी, बांगड्या, घड्याळ, मोकळे केस आणि ज्येष्ठांच्या गळ्यात हमखास असणारी चष्म्याची दोरी हे सारे काढावे, खोचावे किंवा बांधावे. हातमोजे सुरक्षित वाटतात, पण फिरत्या यंत्राजवळ ते घातक असतात. तुकडा बसविल्यावर तो आधी हाताने एक फेरा फिरवून कोठे अडत नाही ना, हे पाहावे आणि मगच बटण दाबावे. घासताना व पॉलिश करताना पटाशीचा टेकू पूर्ण बाजूला काढावा. आणि घरात दुसरे कोणी जागे असतानाच यंत्र चालवावे.

हातांसाठी काही घडवावे

एवढी बंधने पाळून हा छंद करावा तरी कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. माझ्या रुग्णांपैकी एका निवृत्त टर्नर गृहस्थांच्या पत्नीला बोटांच्या संधिवातामुळे बारीक पेन धरवेना. त्यांनी तिच्यासाठी बोटांच्या जागी जाड असलेले पेन कातले. त्यांनी ते तीनदा बदलले, कारण पहिले घसरत होते आणि दुसरे जड झाले होते. तिसऱ्याने ती पुन्हा किराण्याचा हिशेब स्वतः लिहू लागली.

या उदाहरणात वैद्यकीय तथ्य आहे. मूठ जाड असली की बोटे कमी मिटावी लागतात आणि दुखऱ्या सांध्यांवरचा ताण घटतो. पेन बोटांच्या जागी १४ ते १६ मिलिमीटर जाड असावे. कंगव्याची किंवा क्रोशाच्या सुईची मूठ २५ मिलिमीटरच्या आसपास असली तरी चालते. किल्लीला जाड मूठ, चेन ओढण्यासाठी छोटा गोळा, खणाला सहज पकडता येईल अशी मूठ, या सर्व वस्तू एकेका दुपारच्या कामाच्या आहेत. आधी लाकडी दांडक्यावर कापडाची पट्टी गुंडाळून त्या व्यक्तीच्या हाताला कोणती जाडी रुचते ते पाहावे आणि मग तेवढेच माप घ्यावे. उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ जाणाऱ्या वस्तू मात्र ॲक्रिलिकच्या करू नयेत.

घरच्या मंडळींना एवढेच सांगावेसे वाटते : बंदी घालण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी उभे राहून पूर्ण काम पाहा. ढाल न सांगता डोळ्यांवर येते का, फीत काढण्यापूर्वी यंत्र थांबते का, थकवा आला की हात आपोआप मागे येतो का, हे पाहा. तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील आणि वर सांगितलेली एकही मनाई लागू नसेल, तर निःशंक मनाने दिवा नीट लावून द्या. एखादे उत्तर ‘नाही’ असेल, तर यंत्राची जोडणी काढा, पण कांड्या, वॉटर पेपर आणि पाण्याची वाटी त्यांच्या हाताशी राहू द्या. आकार दुसऱ्याने दिला, तरी चकाकी आणण्याचे काम त्यांचेच राहील. दर सहा महिन्यांनी, दृष्टी किंवा औषधे बदलल्यावर तर लगेचच, ही पाहणी पुन्हा करावी.