सोडतीच्या हवाली

मेहकरचा नगरसेवक सभागृहात काय बोलला हे कुणाला फारसं आठवत नाही. लक्षात राहतं ते एवढंच : नाली कुणाच्या काळात झाली, नळ कुणी जोडून दिला, दाखल्यासाठी सही करायला कोण रात्री उठला. पैनगंगेकाठच्या, शारंगधर बालाजीच्या या गावात नगरसेवकपदाची गेली तीसेक वर्षं मागे वळून पाहिली, तर कारकिर्दी कर्तबगारीवर जितक्या घडल्या तितक्याच चिठ्ठीवरही मोडल्या असं दिसतं.

चिठ्ठी म्हणजे आरक्षण सोडत. 74वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली, तशा महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. 2011 पासून निम्म्या. आरक्षण फिरतं असल्याने पाच वर्षं ज्या गल्लीत माणूस राबला, पुढच्या सोडतीत ती गल्लीच त्याच्या हातून जाते. मग बायकोचा अर्ज भरायचा, किंवा शेजारच्या प्रभागात नव्याने ओळखी काढायच्या. यातून ‘नगरसेविकेचे पती’ हे बिनकायद्याचं पद उगवलं, आणि ते अजूनही बरंच जोरात आहे. काही बायकांनी मात्र नवऱ्याला घरी बसवून टाकीवरच्या वॉलमनला स्वतः जाब विचारायला बोलावलं. सोडतीचा खरा नफा मला यात दिसतो.

पैशाची गोष्ट याहून कमी सांगितली जाते. 1999 मध्ये राज्यातल्या नगर परिषदांची जकात बंद झाली. तोवर नाक्यावरच्या वसुलीतून पालिकेकडे स्वतःचा म्हणावा असा पैसा यायचा. नंतर मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि मुंबईकडे पाहत बसणं. साहजिकच नगरसेवकाचं वजन आमदार-खासदारांच्या जवळिकीवर ठरू लागलं. ठराव सभागृहात होतो, पण ‘निधी आणला’ हे वाक्य दुसऱ्याच माणसाच्या फलकावर छापलं जातं.

नगराध्यक्षपदाचं तर काय सांगावं! 2001 मध्ये थेट जनतेतून, 2006 मध्ये परत नगरसेवकांतून, 2016 मध्ये पुन्हा थेट, 2020 मध्ये नगरसेवकांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. मुंबईत सरकार बदललं की नगरसेवकाच्या मताची किंमत बदलते. नगरसेवक नगराध्यक्ष निवडत असले की ते फुटू नयेत म्हणून त्यांच्या सहलीच्या गाड्या निघतात. थेट निवडणूक असली की नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, अशी कुतरओढ होऊ शकते. मला थेट निवडणूक बरी वाटते, निदान सहलीचा खर्च तरी वाचतो.

मोठ्या पातळीवरही मेहकरला हाच अनुभव आला. प्रतापराव जाधव 1995, 1999 आणि 2004 असे तीनदा इथून आमदार झाले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत मेहकर अनुसूचित जातीसाठी राखीव झाला आणि त्याच वेळी बुलढाण्याची लोकसभा खुली झाली. 2009 मध्ये ते खासदार झाले, पुढे 2024 मध्ये केंद्रात राज्यमंत्री. मेहकरमध्ये संजय रायमूलकर तीन वेळा निवडून आले. 2024 मध्ये सिद्धार्थ खरात यांनी त्यांना हरवलं. आरक्षण बदललं म्हणून जाधवांना लोकसभेचं दार उघडलं. नगरसेवकाला मात्र असं वरचं दार क्वचितच मिळतं.

2016 मध्ये निवडून आलेल्या सभागृहांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या. गावागावांत प्रशासक बसले. सभागृह नाही, सभा नाही. तरी लोक जुन्याच माणसाकडे तक्रार घेऊन जायचे, आणि तो ‘माजी’ असूनही मुख्याधिकाऱ्याच्या दालनात जाऊन उभा राहायचा. हाती अधिकार नाही, मानधन नाही, फक्त फोन. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्या, आणि डिसेंबरमध्ये त्या झाल्या. त्याआधी सोडत निघालीच होती, आणि त्या रिकाम्या वर्षांत फुकट राबलेल्यांपैकी कितीतरी जणांचा प्रभाग तिने दुसऱ्याच्या नावे करून टाकला होता.