कागदावरची अळी, कपाशीतली अळी

१९६७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल सायन्स’मध्ये पाच पानांचा एक शोधनिबंध छापून आला. एस. पी. कपूर, डी. जी. राव आणि एस. एम. विश्वनाथ हे त्याचे लेखक. लिंबूवर्गीय झाडांची पाने पिवळी पडतात, फळे वाकडी आणि अर्धवट हिरवी राहतात, झाड काही वर्षांत वाळते. हा ‘ग्रीनिंग’ रोग सायला नावाचा तीन-चार मिलिमीटरचा कीटक झाडोझाडी पसरवतो, असे त्यांनी प्रयोगाने दाखवले होते. त्याच वर्षी फिलिपिन्समधूनही हाच निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नंतरची तीस-पस्तीस वर्षे जगाने या पानांकडे फारसे लक्ष दिले नाही.

मग २००४ मध्ये हा रोग ब्राझीलमध्ये आणि २००५ मध्ये फ्लोरिडात सापडला. फ्लोरिडाचे संत्रा उत्पादन २००३-०४ मध्ये सुमारे २४ कोटी पेट्या होते; वीस वर्षांत ते दोन कोटींच्या खाली आले. अमेरिकेने संशोधनावर पैसा ओतला, सायलावर निबंधांचा पूर आला आणि त्यांतील कितीतरी निबंधांच्या संदर्भांत १९६७ ची ती भारतीय पाने उगवू लागली. निबंध तोच होता, त्यातले निष्कर्षही तेच होते. संकट श्रीमंत देशाच्या बागेत पोहोचले, तेव्हा त्याचा ‘प्रभाव’ मोजण्याजोगा झाला.

अंबडच्या मोसंबी बागायतदाराला सायला शिकवायला फ्लोरिडाची गरज नव्हती. जालना–वडीगोद्री रस्त्यावरच्या या तालुक्यात, शेजारच्या घनसावंगीत, बदनापुरात मोसंबी हे नगदी पीक आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. नवती फुटली की कोवळ्या शेंड्यांवर सायलाची पिले बसतात, चिकट स्राव सोडतात, हे इथल्या माणसाने वर्षानुवर्षे पाहिले आहे. पण पिलांनी रस शोषणे वेगळे आणि त्यांनी झाडात रोग सोडणे वेगळे. हा दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. रोगट झाडाचा डोळा काढून भरलेले कलम म्हणजे रोग विकत आणणे. ही जाण रोपवाटिकांपर्यंत पोहोचवण्याचे काम नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्राने रोगमुक्त कलमांचे तंत्र आणून केले. या केंद्राची स्थापना १९८५ ची. म्हणजे निबंध आणि केंद्र यांत अठरा वर्षे गेली. दरम्यान किती बागा खचल्या, याची मोजदाद कोणत्याही निबंधात नाही.

कीटकशास्त्राच्या संशोधनाचा गेल्या काही दशकांचा मागोवा घेताना अंबडसारख्या ठिकाणी उभे राहून पाहणे म्हणूनच उपयोगाचे ठरते. मोसंबी आणि कपाशी, दोन्ही पिकांवर जगातली उत्तम नियतकालिके भरून लिहिले गेले आहे. त्या लिखाणाचा हिशेब मात्र बहुतेक वेळा उद्धरणांत होतो, बांधावर होत नाही.

कपाशीची गोष्ट जुनी आणि अधिक गुंतलेली आहे. गुलाबी बोंडअळीला शास्त्रीय नाव मिळाले ते १८४० च्या दशकात. भडोचजवळच्या कापसाची नासाडी करणाऱ्या अळीचे नमुने इंग्लंडला गेले आणि डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी तिचे वर्णन केले. पुढची साठेक वर्षे भारतातले कीटकशास्त्र हौशी अधिकाऱ्यांच्या आणि संग्रहालयांच्या आधाराने चालले. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय १९०३ मध्ये सरकारचे कीटकशास्त्रज्ञ झाले, १९०६ मध्ये ‘इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स’ हे त्यांचे पुस्तक आले, १९०९ मध्ये ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’. कोणता किडा कुठे, कोणत्या पिकावर, कोणत्या महिन्यात, ही नोंद करणे हेच तेव्हा मुख्य काम. १९३८ मध्ये भारतीय कीटकशास्त्र संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघाले.

स्वातंत्र्यानंतर फवारणीचे युग आले. कोणते औषध, किती मिलि, किती दिवसांनी, अशा चाचण्यांनी विद्यापीठांचे अहवाल आणि प्रबंध भरले. १९८० च्या सुमारास कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली, अळ्या पटापट मरू लागल्या आणि सात-आठ वर्षांतच आंध्रात अमेरिकन बोंडअळी या औषधांना दाद देईनाशी झाली. एकाच पिकावर दहा-पंधरा फवारण्या करणारा शेतकरी कर्जात बुडाला. संशोधनाचा रोख तिथून बदलला. औषधाने किती अळ्या मरतात याऐवजी अळी का मरत नाही, हा प्रश्न पुढे आला. प्रतिकारशक्ती, परोपजीवी कीटक, आर्थिक नुकसान पातळी, एकात्मिक व्यवस्थापन हे शब्द याच काळात प्रबंधांतून कृषी विभागाच्या पत्रकांत उतरले.

यानंतरचा मोठा अध्याय जालन्यात लिहिला गेला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून त्यांनी संकरित बियाण्यांचा देशव्यापी व्यवसाय उभा केला आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. १९९५ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने महिकोला मॉन्सँटोकडून १०० ग्रॅम बीटी कापसाचे बियाणे आणण्याची परवानगी दिली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक त्यात होते. त्यातून तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या आतड्याला मारक ठरते. या बियाण्याचा भारतीय वाणांशी संकर करत करत २६ मार्च २००२ रोजी तीन बीटी संकरित वाणांना मंजुरी मिळाली. दुसऱ्या जनुकाची भर पडलेले ‘बोलगार्ड दोन’ २००६ मध्ये आले.

मंजुरीनंतर वर्षभरात, फेब्रुवारी २००३ मध्ये, ‘सायन्स’मध्ये मातिन कैम आणि डेव्हिड झिलबरमन यांचा निबंध आला. महिकोने सुरू केलेल्या २००१ च्या शेतावरील चाचण्यांवर तो आधारलेला होता, आणि बीटी वाणाचे उत्पादन साध्या वाणापेक्षा सरासरी सुमारे ८० टक्के जास्त असल्याचे त्यात म्हटले होते. जगभर वाजलेला निबंध. टीकाही तितकीच झाली: एकाच हंगामाची, तीही अळीचा जोर असलेल्या वर्षाची आणि कंपनीच्या चाचण्यांतली आकडेवारी एवढा मोठा निष्कर्ष पेलू शकते का? कैम यांनीच योनास कथागे यांच्याबरोबर २०१२ मध्ये अनेक वर्षांच्या पाहणीवरून लिहिलेल्या निबंधात उत्पादनवाढ २४ टक्के दिली. तो आकडा अधिक जबाबदार होता, पण चर्चेत बराच काळ राहिला तो पहिलाच.

बीटीने काही दिले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २००१-०२ मध्ये देशाची सरासरी हेक्टरी ३०८ किलो रुई होती, ती २००७-०८ मध्ये ५५४ किलोवर गेली. सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकन बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखर घटल्या. पण या वाढीत खतांचा, सिंचनाचा आणि रसशोषक किडींवरच्या नव्या औषधांचा वाटा किती, हा वाद मिटला नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांथी आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये ‘नेचर प्लान्ट्स’मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला आणि कीटकनाशकांवरचा खर्च पुन्हा बीटीपूर्व काळाच्याही पुढे गेल्याचे दाखवले.

तो खर्च वाढवणाऱ्यांत गुलाबी बोंडअळी अग्रभागी होती. इथे तारखा नीट मांडायला हव्यात. गुजरातेत अमरेलीच्या कपाशीत पहिल्या बीटी जनुकाला न जुमानणाऱ्या अळ्या २००९ च्या हंगामात दिसल्या. मार्च २०१० मध्ये मॉन्सँटोने ते जाहीर केले; त्या निष्कर्षावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. २०११ मध्ये धुरुआ आणि गुजर यांचा निबंध ‘पेस्ट मॅनेजमेंट सायन्स’मध्ये आला. २०१४ मध्ये फॅब्रिक आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या प्रतिकारक अळ्यांच्या जनुकातले बदल ‘प्लॉस वन’मध्ये उलगडून दाखवले. दुसरे जनुकही निष्प्रभ होत चालले होते. २०१७ च्या हंगामात मराठवाडा आणि विदर्भात अळीने कहर केला. डोमकळ्या, आतून किडलेली बोंडे, वेचणीला हाती येणारा कवडी कापूस. अनेकांनी उभ्या पिकात नांगर घातला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. देशभरातून २०१० ते २०१७ या काळात गोळा केलेल्या अळ्यांवरचा चिन्ना बाबू नाईक आणि सहकाऱ्यांचा सविस्तर निबंध छापून आला २०१८ मध्ये.

हंगामात गुलाबी बोंडअळीची पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. पहिल्या इशाऱ्यापासून २०१७ पर्यंत आठ हंगाम गेले. ज्ञान नव्हते म्हणून हे झाले नाही. अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून साध्या कपाशीच्या ओळी बांधाकडेने लावायच्या, असा नियम होता आणि पाकिटासोबत त्यासाठी १२० ग्रॅमची वेगळी पुडीही मिळे. ती बहुतेकांनी पेरली नाही, कारण आपल्याच शेतात अळीसाठी जागा राखायची, हे कुणी पटेल असे समजावलेच नाही. पाणी असलेल्या शेतात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहिली. लांब कालावधीचे संकरित वाण, त्यांच्या बोंडात काही सरक्यांत विष आणि काहींत नाही अशी मिश्र स्थिती, जिनिंगच्या आवारात साठलेली सरकी: यातला प्रत्येक दुवा कुठल्या ना कुठल्या निबंधात लिहिलेला होता.

अमेरिकेत हीच अळी १९१७ मध्ये टेक्सासात पोहोचली होती. तिथे बीटी कापूस, विमानातून सोडलेले अब्जावधी वंध्य पतंग आणि पऱ्हाट्यांची वेळेवर विल्हेवाट हे सगळे एकत्र राबवले गेले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये कापूस पट्ट्यातून अळी नष्ट झाल्याचे जाहीर झाले. मराठवाड्यातली दोन-चार एकरांची शेती आणि अ‍ॅरिझोनातली शेकडो एकरांची शेती यांची तुलना सरळ होऊ शकत नाही. तरी संशोधन आणि अंमलबजावणी एकाच यंत्रणेने हातात धरली तर काय घडते, ते त्यातून दिसते.

आपल्याकडेही वेगाने आणि चांगले झालेले काम आहे. २००५ नंतर कपाशीवर पिठ्या ढेकणाची एक परदेशी जात अचानक पसरली; तिची नेमकी ओळख नागपूरच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर एक चिमुकली गांधीलमाशी या ढेकणाला आतून पोखरताना सापडली होती. तिला ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ ‘एनेशियस बंबावालेई’ असे नाव दिले गेले; पुढे ती जुन्याच एका जातीची असल्याचे ठरले आणि नाव मागे पडले. माशीचे काम मात्र चालू राहिले. ढेकणाचा जोर ओसरला त्यात तिचा मोठा वाटा होता, आणि तो निसर्गाने फुकट दिला.

मक्यावरच्या लष्करी अळीचा प्रसंग प्रकाशनाच्या दृष्टीने सर्वांत बोलका. ही अमेरिकी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ आढळली. शरणबसप्पा आणि सहकाऱ्यांनी तिची नोंद बंगळुरूच्या एका छोट्या भारतीय नियतकालिकात तातडीने छापली. महाराष्ट्रात ऊस आणि मक्यावरची पहिली नोंदही पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. आशियातल्या या अळीवर लिहिणारा जवळपास प्रत्येक संशोधक आज शिवमोग्याच्या त्या निबंधाचा हवाला देतो. मोठ्या परदेशी नियतकालिकाची वाट पाहिली असती तर एक हंगाम गेला असता.

आणि तरीही नोकरी-बढतीच्या हिशेबात अशा नियतकालिकाला कमी गुण मिळतात. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी दरवर्षी नियतकालिकांना गुणांक देते. सहाच्या वरचे गुणांक आंतरराष्ट्रीय प्रभावांक असलेल्यांना. मोजमाप हवेच, कारण त्याशिवाय काय होते तेही दिसले आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला, आणि २०१८ मध्ये भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले की विद्यापीठांच्या शिफारशीने अनुदान आयोगाच्या यादीत शिरलेल्या, तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कसोटीला उतरत नाहीत. यात कृषी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रामाणिक कामही वाया गेले, कारण ते कुठे छापावे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

अंबडचा शेतकरी यांतले काहीच वाचत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘शेतीभाती’, कृषी विभागाचे ‘शेतकरी’, २००५ पासून निघणारे ‘अ‍ॅग्रोवन’, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातले मासिक चर्चासत्र, कृषी सहायकाने पाठवलेला मोबाइलवरचा संदेश, आणि फार वेळा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरचा सल्ला: त्याच्यापर्यंत कीटकशास्त्र येते ते या वाटांनी. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी हाहाकार माजवला, त्यानंतर २००९-१० पासून राज्याने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. ठरावीक शेतांतून नियमित नोंदी, त्यावरून तालुक्याला सल्ला. महाराष्ट्रातल्या कीटकशास्त्राच्या सर्वांत उपयोगी कामांत याची गणना व्हायला हवी; उद्धरणांच्या यादीत ते कुठेच दिसत नाही.

गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध, ‘गॉसिप्ल्युअर’, १९७३ मध्ये ‘सायन्स’मधल्या निबंधाने नेमका ओळखला. त्या गंधाने नराला चकवून मीलन रोखण्याचे तंत्र अमेरिकेत १९७८ मध्ये नोंदणीकृत झाले. भारतातल्या कपाशीत अशा गंधाच्या दोऱ्या बांधण्याचा प्रसार झाला तो २०१७ च्या फटक्यानंतर, चाळीस वर्षांनी. आज सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले की फवारणीचा विचार करावा, हा आकडा अंबडच्या गावागावांत माहीत आहे. पूर्वहंगामी लागवड टाळून जूनमध्येच पेरणी, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणे, फरदड न घेणे, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. ते एकाच्या शेतापुरते पाळून भागत नाही, कारण पतंग बांध ओळखत नाही. सबंध शिवाराने एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढायला काय करावे लागेल, यावर अजून पुरेसे संशोधन झालेले नाही, आणि ते करायला कीटकशास्त्रज्ञाइतकाच ग्रामसभेत बसणारा माणूस लागेल.