‘दृश्यम्’मधील दोन ऑक्टोबर : रहस्यपटातील तपशील आणि अनुत्तरित प्रश्न

रहस्यकथेतील चुका काढणे हा वाचकाचा जुना छंद आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार एका रात्रीत काय काय उरकतो याचा हिशेब कोणी मांडला, तर तो जुळणार नाही. (अर्नाळकर या आडनावातच आमच्या वसई तालुक्यातील अर्नाळा आहे, म्हणून हा उल्लेख येथे थोडा अधिक आपुलकीने होतो.) परंतु झुंजारच्या वाचकाने तो हिशेब कधी मागितला नाही. त्या कथांचा वाचकाशी झालेला करार निराळा होता. म्हणून एखाद्या रहस्यकृतीत चुका किती, एवढे विचारून भागत नाही. त्या कृतीने स्वतःसाठी जो नियम घालून घेतला आहे त्याला चूक छेद देते काय, हे पाहावे लागते.

निशिकांत कामत दिग्दर्शित ‘दृश्यम्’ (२०१५) हा हिंदी चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. जीतू जोसेफ यांच्या २०१३ सालच्या मल्याळम चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. ‘डोंबिवली फास्ट’सारखा मराठी चित्रपट देणाऱ्या कामतांनी कथा केरळातून गोव्यात आणली, नायक विजय साळगावकर झाला, पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख झाली. मीराचा मुलगा विजयच्या थोरल्या मुलीला चित्रफितीच्या जोरावर धमकावतो, झटापटीत तिच्या हातून मारला जातो, आणि चौथी नापास असलेला, चित्रपट पाहून शहाणा झालेला बाप कुटुंबाला वाचवण्यासाठी एक खोटा भूतकाळ रचतो. २ ऑक्टोबरला आपण सहकुटुंब पणजीला सत्संगासाठी गेलो होतो, हा तो भूतकाळ.

प्रथम कायद्याच्या बाजूचे प्रश्न. बेपत्ता मुलाच्या आईनेच तपासाची सूत्रे हाती ठेवावीत, हे कोणत्याही न्यायव्यवस्थेत खपणारे नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० नुसार, चौकशीसाठी साक्षीदार म्हणून बोलावताना कोणत्याही स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्यास भाग पाडता येत नव्हते. अटकेतील व्यक्तीला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याचे बंधन तर राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे. चित्रपटात मात्र आई, दोन मुली आणि बाप यांना कोंडून मारहाण होते. पण याला चूक म्हणता येईल काय? हे बेकायदेशीर आहे हे चित्रपटाला ठाऊक आहे. त्या मारहाणीमुळेच गाव पोलिसांविरुद्ध उठते. कायदा मोडला जातो हा येथे कथेचा विषय आहे, पटकथाकाराचे अज्ञान नव्हे.

याहून अवघड प्रश्न असा की, हे कुटुंब पोलिसांत गेले का नाही? भारतीय दंड संहितेच्या कलम १०० ने बलात्काराच्या हेतूने होणाऱ्या हल्ल्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क हल्लेखोराचा मृत्यू ओढवण्यापर्यंत मान्य केला होता. विजयच्या मुलीच्या बाजूने तसा युक्तिवाद नक्कीच करता आला असता. त्याऐवजी प्रेत पुरून विजयने पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा ओढवून घेतला. चित्रपट याचे उत्तर कायद्यातून देत नाही, अनुभवातून देतो. सब-इन्स्पेक्टर गायतोंडे ज्या गावात सत्ता गाजवतो, तेथील माणसाला कलम १०० चा आधार वाटत नाही. हा प्रश्न अनुत्तरित नाही. त्याचे उत्तर व्यक्तिरेखेत आहे.

खत-खड्ड्याचे मात्र तसे नाही. धाकट्या मुलीकडून मारहाण करून काढलेल्या माहितीवरून पोलीस अंगण खणतात आणि तेथे जनावराचे अवशेष निघतात. लोक जमलेले असतात, पोलिसांची नामुष्की होते. प्रसंग नाट्यदृष्ट्या उत्तम आहे. पण ज्या मातीत मानवी देह काही काळ होता तिच्यात केस, धागे, इतर खुणा राहू शकतात. ती माती प्रयोगशाळेत पाठवावी असे एवढ्या बुद्धिमान महानिरीक्षकाला सुचू नये, हे तिच्या व्यक्तिरेखेशी विसंगत आहे. प्रेत सापडले नाही म्हणजे खटलाच उभा राहत नाही, हा समजही खरा नव्हे. प्रेताशिवायही खून सिद्ध होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रामा नंद खटल्यात १९८१ साली स्पष्ट केले आहे.

आता ज्या तपशिलासाठी हे टिपण लिहिले तो. विजयची सगळी योजना स्मृतीच्या एका दुबळेपणावर उभी आहे. माणसाला प्रसंग आठवतो, तारीख आठवत नाही. विजय कुटुंबाला घेऊन प्रत्यक्षात ४ आणि ५ ऑक्टोबरला पणजीला जातो, हॉटेलवाला, बसचा वाहक, चित्रपटगृहातील माणूस यांच्याशी ओळख काढतो, आणि पुढे पुन्हा भेटून बोलण्याच्या ओघात त्या भेटीला २ आणि ३ ही तारीख चिकटवतो. साक्षीदार खोटे बोलत नाहीत. त्यांना चेहरे खरोखरच आठवतात. दृश्य खरे, दिनांक खोटा. मल्याळम चित्रपटात ही तारीख २ ऑगस्ट होती. हिंदीत ती २ ऑक्टोबर झाली.

२ ऑगस्ट ही कोणतीही तारीख आहे. २ ऑक्टोबर ही गांधीजयंती आहे. शाळा, कचेऱ्या, बँका बंद असतात. बसमधील गर्दीचे रूप निराळे, खाणावळीतील गिऱ्हाईक निराळे. वसईतील माझ्या एम. ए.च्या वर्गात मी एकदा विचारले, गेल्या २ ऑगस्टला आपण कोठे होता? कोणालाच सांगता आले नाही. २ ऑक्टोबरचे विचारताच अर्धा वर्ग बोलू लागला. कोणाकडे पाहुणे होते, कोणी रिकाम्या लोकलने विरारहून चर्चगेटला गेले होते. शिवाय कथेचा काळ प्रदर्शनाच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे २०१४ चा धरला, तर ३ ऑक्टोबरला दसरा येतो. एवढ्या खुणांच्या दिवसांवरून साक्षीदाराची आठवण दोन दिवस पुढेमागे सरकवणे जवळजवळ अशक्य. ‘तुम्ही आला होता ती सुट्टी होती का?’ एवढा एकच प्रश्न मीराने वाहकाला विचारायचा होता.

हा बदल का केला असावा, याचा तर्क करता येतो. प्रेक्षकाला तारीख लक्षात राहावी, सहकुटुंब सहलीला सुट्टीचे निमित्त मिळावे. आणि ती राहिलीही. ‘दो अक्तूबर’ हे पुढे लोकांच्या थट्टेतही रुळले. प्रेक्षकाच्या स्मृतीची सोय झाली, पण त्याच सोयीने साक्षीदारांच्या विस्मृतीचा आधार काढून घेतला. कायद्याच्या साऱ्या चुका एकत्र केल्या तरी त्या या एका चुकीएवढ्या खोल जात नाहीत, कारण त्या चित्रपटाच्या बाहेरच्या जगाशी भांडतात. ही त्याच्या स्वतःच्या सिद्धान्ताशी भांडते. रूपांतराच्या अभ्यासकांनी याची नोंद घ्यावी. स्थळ बदलताना आपण भाषा, आडनावे, जेवण तपासतो. पंचांग आणि दिनदर्शिका सहसा तपासत नाही.

शेवटच्या दृश्याबद्दल माझाही एक आक्षेप होता. बांधकाम चालू असलेल्या पोलीस ठाण्यात विजय एकटा, रात्री, प्रेत पुरतो. त्याला येता-जाता कोणीच पाहिले नाही? अनेक वर्षे मी ही पटकथेची पळवाट मानत आलो. २०२१ साली मल्याळम ‘दृश्यम् २’ आणि २०२२ साली त्याची अभिषेक पाठक दिग्दर्शित हिंदी आवृत्ती आली. दुसऱ्या भागाची सारी कथा याच प्रश्नातून निघते : त्या रात्री त्याला एका माणसाने पाहिले होते.