प्रोसेसर ‘नाही’ म्हणाला आणि कर्नलने विश्वास ठेवला. जुन्या लॅपटॉपमधली ‘पीएई’ची भानगड काय होती?

लॅपटॉप जुना, पण धडधाकट. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला, म्हणून त्यावर लिनक्स टाकायचं ठरतं. पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ येते. तिचा अर्थ असा: या कर्नलला लागणारी ‘पीएई’ ही सुविधा तुमच्या प्रोसेसरमध्ये नाही. मग सगळं तिथेच थांबतं.

इंटेलच्या सुरुवातीच्या ‘पेंटियम एम’ प्रोसेसरचे लॅपटॉप वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव आला. गंमत म्हणजे, यातल्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये ती सुविधा होती.

कर्नलला मेमरी कळते कशी?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. सुरू होताना त्याला दोन गोष्टी कळाव्या लागतात. पहिली, रॅम किती आणि कुठे आहे? जुन्या पीसीवर हे बायोस सांगतं. मेमरीचा कोणता पट्टा वापरायला मोकळा आणि कोणता राखीव, याचा तक्ता ते देतं. या तक्त्याला ‘ई८२०’ म्हणतात.

दुसरी गोष्ट, प्रोसेसरला काय काय जमतं? त्यासाठी ‘सीपीयूआयडी’ नावाची सूचना असते. प्रोसेसर प्रत्येक सुविधेपुढे हो किंवा नाही असं उत्तर देतो. घोळ झाला तो इथे.

पीएई म्हणजे काय?

३२ बिटच्या पत्त्यात ४ जीबीपर्यंतच मेमरी मोजता येते. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलने ‘फिजिकल अॅड्रेस एक्स्टेन्शन’ म्हणजेच पीएई आणलं. पत्ता ३६ बिटचा झाला आणि मर्यादा ६४ जीबीवर गेली.

पण पेंटियम एमच्या त्या लॅपटॉपमध्ये रॅम असायची फार तर २ जीबी. मग पीएई हवंच कशाला?

कारण प्रश्न फक्त जास्त रॅमचा नव्हता. मेमरीचे पत्ते ज्या ‘पेज टेबल’मध्ये लिहिले जातात, त्याची रचनाच पीएईमध्ये बदलते. प्रत्येक नोंद ३२ ऐवजी ६४ बिटची होते. त्या जास्तीच्या जागेत ‘इथला डेटा प्रोग्राम म्हणून चालवू नका’ अशी सुरक्षेची खूणही करता येते. एक कर्नल यातली एकच रचना धरून तयार केलेला असतो. दोन वेगळे कर्नल सांभाळण्याचं काम वाचावं म्हणून उबंटूने २०१२ मध्ये १२.१० या आवृत्तीपासून पीएई नसलेला कर्नल देणं बंद केलं.

मग तोडगा काय निघाला?

पीएई असूनही हे प्रोसेसर सीपीयूआयडीच्या उत्तरात ते दाखवत नव्हते. कर्नल तेच उत्तर खरं धरायचा आणि थांबायचा.

२०१४ मध्ये लिनक्स कर्नलच्या ३.१५ या आवृत्तीत ‘फोर्सपीएई’ हा पर्याय आला. सुरू होताना हा शब्द दिला की कर्नल पेंटियम एमचा नकार बाजूला ठेवतो आणि पीएई आहे असं धरून पुढे जातो. मात्र हे स्वतःच्या जबाबदारीवर. कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारून घेतो. म्हणजे पुढे काही बिघडलं, तर खात्री नसलेल्या हार्डवेअरवर हे चाललं होतं, अशी नोंद राहते.

आज याचा उपयोग काय?

३२ बिट संगणकांची वाट आता अरुंद होत चालली आहे. डेबियननेही २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी कर्नल देणं थांबवलं. पण जुनं मशीन भंगारात देण्याआधी एक बघायला हवं: ‘चालणार नाही’ हा निष्कर्ष चाचणी करून निघालाय, की कुणाच्या तरी सांगण्यावरून? पेंटियम एमच्या बाबतीत मशीन ठीक होतं, त्याने दिलेली माहिती तेवढी अपुरी होती.