उड्डियानातील मध्यपटल

फुफ्फुसांना प्रसरण पावण्यासाठी स्वतःचे स्नायू नाहीत. त्यांत हवा ओढून घेणारा प्रमुख स्नायू म्हणजे छाती व उदर यांच्या पोकळ्या विभागणारे घुमटाकार मध्यपटल होय. त्याची तंत्रिका मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जारज्जुखंडांतून निघते. इतक्या खालच्या स्नायूची सूत्रे इतक्या वर असावीत, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण गर्भावस्थेत मध्यपटलाची घडण मानेलगत सुरू होऊन ते पुढे खाली सरकते, हे ध्यानात घेतले म्हणजे उलगडा होतो.

स्वस्थ बसलेल्या मनुष्याचे मध्यपटल प्रत्येक श्वासासरशी सुमारे दीड सेंटिमीटर खाली उतरते व सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. त्याच वेळी छातीतील दाब घटतो, उदरातील वाढतो आणि या फरकामुळे नीलांतील रक्त हृदयाकडे परतण्यास साहाय्य होते. पोट पुढे येते ते आतील इंद्रिये खाली दाबली गेल्यामुळे, हवेमुळे नव्हे. ‘पोटात श्वास भरणे’ हा रूढ शब्दप्रयोग त्या दृष्टीने फसवा आहे.

उड्डियानात नेमके याच्या उलट घडते. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी या क्रियेचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला व आपली निरीक्षणे त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योग-मीमांसा’ या नियतकालिकातून मांडली. साधक प्रथम पूर्ण रेचक करतो. नंतर कंठद्वार मिटून, श्वास न घेता, श्वास घेतल्याप्रमाणे बरगड्या उचलतो. छातीची पोकळी वाढते, पण हवेला वाट नसल्याने आतील दाब उतरतो आणि शिथिल मध्यपटल वर ओढले जाते. त्यामागोमाग पोटाची सैल भिंतही आत जाते. म्हणजे येथे मध्यपटल कार्य करीत नाही, त्याच्यावर कार्य घडते. पुढे नौलीच्या वेळी बृहदंत्रातील दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो, हे त्यांनी दाबमापकाने दाखविले. बस्तिक्रियेत पाणी वर कसे चढते, याचा खुलासा त्यातून मिळाला. आपले गुरू माधवदासजी यांचे नाव त्यांनी या निर्वातास दिले. परंपरेने सांगितलेली क्रिया मोजून पाहण्याची ही वृत्ती तिच्या फलश्रुतीहून अधिक मोलाची मानावी लागेल. मात्र उड्डियानाने मध्यपटल ‘बलवान’ होते, असा निष्कर्ष या निरीक्षणांतून काढता येत नाही. ताणले जाणे व आकुंचन पावणे या भिन्न गोष्टी आहेत.

बळ लागते ते श्रमाच्या वेळी. देवगिरीचा किल्ला चढणाऱ्याचा उच्छ्वास आपोआप होत नाही. पोटाचे स्नायू आकुंचन पावून मध्यपटलास वर ढकलतात, त्यामुळे त्याचे तंतू लांबतात व पुढील आकुंचन जोरकस होते. अतितीव्र व्यायाम दीर्घकाळ चालल्यास मात्र हा अखंड राबणारा स्नायूही थकतो. अशा वेळी प्रतिक्षिप्त क्रियेने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात व त्यांचा रक्तपुरवठा घटतो. धावपटूचे पाय जड होण्यास अंशतः त्याची श्वसनक्रियाच कारणीभूत असते, ही गोष्ट व्यायामशिक्षकांच्या ध्यानात क्वचितच येते.

धूम्रपानाने, किंवा ग्रामीण स्त्रियांच्या बाबतीत चुलीच्या धुराने, फुफ्फुसांचा दीर्घकालीन विकार जडला म्हणजे हवा आत अडकून पडते व मध्यपटलाचा घुमट सपाट होतो. सपाट झालेले मध्यपटल आकुंचन पावले तरी फारसे खाली उतरत नाही. उलट खालच्या बरगड्यांनाच आत खेचते. अशा रुग्णास सरसकट ‘पोटाने श्वास घ्या’ असे सांगितल्यास त्याचे श्रम वाढू शकतात. त्याला ओठ आवळून सावकाश श्वास सोडण्यास शिकविणे अधिक उपयुक्त ठरते, कारण त्यायोगे अडकलेली हवा बाहेर पडण्यास वेळ मिळतो.