घास अडतो तेव्हा

मंडळी, मधल्या सुट्टीत एखादं पोर सगळ्यांच्या मागून जेवण संपवतं. एकेक घास चघळत बसतं, घासागणिक पाणी पितं, भाकरीचा कडक पापुद्रा बाजूला सारतं. आपण म्हणतो, नखरे आहेत. गुरुजी, तसं म्हणण्याआधी त्याला एवढंच विचारा : "घास अडतो का रे?"

घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका मोठ्या माणसात सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. रक्तात 'इओसिनोफिल' नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात त्या सापडत नाहीत. पण काहींच्या शरीराला दूध, गहू, अंडी असे साधे पदार्थच वैरी वाटतात. मग या पेशी अस्तरात गोळा होतात, सूज येते, आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर नळी ताठर व अरुंद होते. हाच 'इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस'. वेगळा रोग म्हणून त्याची ओळख पटली ती १९९३-९४ च्या सुमारास. लहान मुलांत उलट्या, पोटदुखी. मोठ्यांत घास छातीत अडकणे. अनेकांना जोडीला दमा किंवा त्वचेची खाजही असते.

रक्ततपासणीवर निदान करू नये. आपल्याकडे पोटातल्या जंतांनीही या पेशी वाढतात! दुर्बिणीने पाहून अस्तराचे निदान सहा तुकडे निरनिराळ्या ठिकाणांहून घ्यावे लागतात, कारण वरून नळी ठीक दिसली तरी आत रोग असू शकतो. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका दृष्टिक्षेत्रात १५ किंवा अधिक पेशी दिसल्या आणि दुसरे कारण नसले, की निदान पक्के.

उपचार मुख्यतः तीन तऱ्हांचे : आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, गिळायचे स्टेरॉईड, किंवा पथ्य. पथ्यात बहुधा दुधापासून सुरुवात करतात. म्हणजे चहातले दूध, ताक, पेढासुद्धा बंद. मात्र वाढत्या पोराचं दूध आपल्या मनानं तोडू नका. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालावी लागते, कारण त्रास थांबला म्हणजे सूज गेलीच असे नाही. अरुंद झालेली नळी डॉक्टर हलकेच रुंद करतात.

घास अडकला आणि थुंकीही गिळता येईना, तर वरून केळं किंवा भाताचा गोळा ढकलू नका. तडक इस्पितळ गाठा. आणि उतारवयात नव्यानेच घास अडू लागला, वजन उतरू लागले, तर ही ॲलर्जी समजून थांबू नका. कर्करोग नाही ना, ते आधी तपासून घ्या.